मदत हवी आहे : टेलिमेट्री ब्रोकर घ्यायचा की पॅकेट ब्रोकर? दोन कोटेशनं आलीत आणि साहेबांना सोमवारी उत्तर हवंय

शाखा_ते_डीसी

नमस्कार मंडळी, नेटवर्क मॉनिटरिंगमधलं कोणी असेल तर जरा बघा. मी एका सहकारी बँकेत नेटवर्क सांभाळते, म्हणजे राउटर, स्विच, फायरवॉल आणि कोणाचा प्रिंटर अडला तर तोही. शाखा पश्चिम महाराष्ट्रभर पसरलेल्या, डीसी (डेटा सेंटर) नवी मुंबईत, डीआर (संकटकाळातलं पर्यायी सेंटर) हैदराबादला.

अडचण अशी की नेटफ्लो (राउटरने पाठवलेल्या ट्रॅफिकच्या नोंदी) एनएमएसला (नेटवर्कवर नजर ठेवणारं टूल) हवा, सीमला (सुरक्षेचे लॉग एकत्र तपासणारं टूल) हवा, आणि आता ऑडिटमध्ये एनडीआर (नेटवर्क ट्रॅफिकमधून हल्ले ओळखणारं टूल) घ्या असं लिहून आलंय तर त्यालाही हवा. शाखांमधले राउटर जुने आहेत, फ्लो दोनच ठिकाणी पाठवतात, तिसरा पत्ता टाकला की एरर. सिसलॉगचंही (डिव्हाइस पाठवतात ते लॉग) तेच रडगाणं, कलेक्टरचा (हे गोळा करणाऱ्या सर्व्हरचा) आयपी बदलला की एकेका डिव्हाइसवर लॉगिन करत बसा. त्यात सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या आदेशापासून १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आणि घटना घडली तर ६ तासांत कळवायची, म्हणजे कोणी विचारलं की हाताशी असायला पाहिजे ना.

दुसरीकडे डीसीमधल्या कोर स्विचवर स्पॅन सेशन (ट्रॅफिकची कॉपी दुसऱ्या पोर्टवर द्यायची सोय) संपलीत, सिस्कोचा जुना ३७५० आहे, त्यावर सोर्स सेशन दोनच मिळतात. एक आयडीएसला (घुसखोरी ओळखणारं टूल) दिलंय, एक सीबीएसच्या (बँकेचं मुख्य सॉफ्टवेअर) परफॉर्मन्स टूलला. एनडीआरवाला म्हणतो मला पण द्या. कुठून देऊ?

आता दोन पार्ट्या येऊन गेल्या. एकीने टेलिमेट्री ब्रोकर दाखवला, दुसरीने पॅकेट ब्रोकर. दोघांच्या पीपीटीत चित्र तेच, डावीकडे डिव्हाइस, उजवीकडे टूल्स, मधे त्यांचा डबा. साहेबांनी दोन्ही बघून विचारलं "यातलं स्वस्त कुठलं?" मला मुळात हेच कळेना की ही तुलना होते तरी का, की दोन्ही लागतात, की एकाने दुसऱ्याचं काम भागतं. कोणी दोन्ही वापरलं असेल तर प्लीज सांगा.

पॅकेटमार

ताई, पहिला प्रश्न, तुमचा एनडीआर खातो काय? फ्लो की पॅकेट? बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे, ब्रोकर नंतर बघू.

फ्लो म्हणजे पासबुकातली नोंद समजा, कोणाकडून कोणाकडे, किती, कधी. पॅकेट म्हणजे काउंटरवरचा सीसीटीव्ही. टेलिमेट्री ब्रोकर पासबुकाच्या प्रती वाटतो, म्हणजे नेटफ्लो, आयपीफिक्स (नेटफ्लोचाच प्रमाणित अवतार), सिसलॉग वगैरे एका ठिकाणी घेतो आणि तिथून पाहिजे तितक्या टूल्सना पाठवतो, मधल्यामधे फिल्टर करतो, काही ठिकाणी फॉरमॅटही बदलून देतो. सिस्कोचा जो आहे तो जुन्या लॅनकोपच्या यूडीपी डायरेक्टरचाच वारस, क्लाउडमधले फ्लो लॉग आयपीफिक्समध्ये बदलून द्यायचं काम नव्याने आलं. पॅकेट ब्रोकर म्हणजे गिगामॉन, कीसाइटचे इक्सियावाले डबे, अरिस्टाचं डॅन्झ मॉनिटरिंग फॅब्रिक (हे २०२० मध्ये बिग स्विच घेतलं तेव्हा त्यांच्याकडे आलं) ही मंडळी. हे टॅप (केबलमध्ये बसवून ट्रॅफिकची कॉपी काढणारी डबी) किंवा स्पॅनमधून खरी पॅकेट घेतात, डुप्लिकेट काढतात, कापतात, आणि टूल्सना वाटून देतात.

त्यामुळे "स्वस्त कुठलं" याला उत्तरच नाही. तुमच्या शाखांचा प्रॉब्लेम पहिल्याने सुटतो, ३७५० चा दुसऱ्याने. पॅकेट ब्रोकर घेतला म्हणून कोल्हापूरच्या राउटरला तिसरं डेस्टिनेशन मिळत नाही.

आणि एक हिशोब साहेबांसमोर ठेवा. १ जीबीपीएस सतत कॅप्चर केला तर दिवसाला १०.८ टीबी होतात, १८० दिवसांचे जवळपास २ पेटाबाइट. सर्ट-इनला लॉग हवेत, पॅकेट नकोत. कोणी १८० दिवसांच्या नावाखाली पॅकेट स्टोरेज विकत असेल तर चहा पाजून परत पाठवा.

जुना_टॅक

वरच्यांशी सहमत, पण फ्लोच्या दोन-तीन प्रती काढायला एवढा खर्च कशाला? सॅम्प्लिकेटर नावाचं छोटंसं ओपन सोर्स टूल आहे, यूडीपी (पोच न मागता पाठवलेली) पॅकेट घेतं आणि यादीतल्या पत्त्यांवर पाठवतं, बस. जरा जास्त पाहिजे असेल तर पीएमएसीसीटी, त्यातल्या एनएफएसीसीटीडीला टी (tee) नावाचं प्लगिन आहे, तेही हेच करतं. आम्ही लिनक्सच्या दोन व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीन) चालवतो.

पण करताना तीन गोष्टी बघा. पहिली, सोर्स आयपी मूळ राउटरचाच राहिला पाहिजे. सॅम्प्लिकेटरला डॅश कॅपिटल एस (-S) दिलं की राहतो. नाही दिलं तर कलेक्टरला सगळं एकाच डब्यातून आल्यासारखं दिसतं, आणि नेटफ्लो व्ही९ किंवा आयपीफिक्स असेल तर त्याहून वाईट, कारण टेम्प्लेट (डेटा कसा वाचायचा याचा नमुना) कोणाचं हे कलेक्टर सोर्स आयपी आणि सोर्स आयडीवरून ओळखतो, दोन राउटरचा आयडी आणि टेम्प्लेट नंबर सारखा निघाला की एकाचा डेटा दुसऱ्याच्या टेम्प्लेटने वाचला जातो आणि ग्राफमध्ये भलतेच आकडे.

दुसरी, सोर्स आयपी तसाच ठेवला म्हणजे तुमच्याच नेटवर्कच्या दृष्टीने ते स्पूफिंग झालं. वाटेत यूआरपीएफ स्ट्रिक्ट (पॅकेटचा सोर्स पत्ता खरा का हे राउटरने तपासणं) असेल किंवा फायरवॉलचं अँटी-स्पूफिंग चालू असेल तर पॅकेट गुपचूप पडतात. आणि हे फुकट-विकत दोघांनाही लागू आहे बरं, पैसे दिले म्हणून सुटका नाही. ब्रोकर आणि कलेक्टर एकाच व्हीलॅनमध्ये ठेवले तर निम्मी कटकट कमी होते.

तिसरी, रिसीव्ह बफर. लिनक्सचा डिफॉल्ट बफर छोटा असतो, सगळ्या शाखांचा फ्लो एकदम आला की यूडीपी ड्रॉप, आणि यूडीपी असल्यामुळे कोणी ओरडत नाही. नेटस्टॅटमध्ये रिसीव्ह बफर एरर वाढतायत का बघत राहा.

शाखा_ते_डीसी

बापरे, टेम्प्लेटचं हे माहीतच नव्हतं, थँक्यू दादा. @पॅकेटमार, एनडीआरवाल्याला फोन करून विचारलं. शाखांसाठी फ्लो चालेल म्हणतात पण डीसीमध्ये त्यांचा सेन्सर आहे त्याला पॅकेट लागतात. म्हणजे दोन्ही आलंच का? बजेट एकाचंच आहे हो. आणि डीसीतला अर्धा ट्रॅफिक व्हीएम ते व्हीएम आहे, तो कोर स्विचवर दिसतही नाही.

सिंगापूरवासी_नागपूरकर

मी इथे एका टेल्कोत आहे, पॅकेट ब्रोकर रोज हाताखालून जातात, म्हणून स्पष्ट सांगतो, तुमच्या साइझला पहिल्या वर्षी मोठा पॅकेट ब्रोकर नको. टॅप घ्या. स्पॅनचा त्रास फक्त सेशनच्या संख्येचा नाही. १० जी लिंकच्या दोन्ही दिशा मिळून २० जी होतात आणि त्या एका १० जी स्पॅन पोर्टमध्ये कोंबता येत नाहीत, गर्दीच्या वेळी म्हणजे नेमकं जेव्हा बघायचं असतं तेव्हाच कॉपी गळते. सीआरसी एररवाल्या (बिघडलेल्या) फ्रेम स्पॅनमध्ये येतच नाहीत. पॅसिव्ह फायबर टॅपला वीजही लागत नाही. फक्त ५०/५० स्प्लिटमध्ये दोन्हीकडे ३ डीबीच्या वर लॉस धरा, तुमच्या मल्टिमोड फायबरच्या केबल लांब असतील तर आधी पॉवर मोजून घ्या. आणि टॅप बसवताना लिंक तुटणार, त्यामुळे ईओडी (दिवसअखेरचं काम) उरकल्यावरच, यूपीआयवाल्यांना आधी सांगून.

दोनच टूल्सना पॅकेट द्यायची असतील तर साधा अ‍ॅग्रिगेशन टॅप पुरतो. तीन-चार टूल्स झाली, लोड वाटायचा आहे, वेगवेगळ्या टूलला वेगळा फिल्टर द्यायचा आहे, तेव्हा ब्रोकर. तेव्हाही कपाटात एखादा नेक्सस ९००० रिकामा पडलाय का बघा, सिस्कोचं डेटा ब्रोकर सॉफ्टवेअर त्यावर चालतं. डुप्लिकेट काढणं, मास्किंग असल्या भारी करामतींसाठी मात्र खास डबाच लागतो.

मास्किंगवरून आठवलं, तुम्ही बँक आहात. पॅकेटच्या कॉपीत कार्ड नंबरही जाऊ शकतात, एटीएम स्विचच्या बाजूला टॅप लावणार असाल तर पॅकेट कापून नुसता हेडरच पुढे पाठवा, तेवढ्यावरही बरंच काम होतं. डिक्रिप्शनच्या लायसन्सला भुलू नका. टीएलएस १.३ मध्ये जुनी स्टॅटिक आरएसए पद्धत काढून टाकलीय, नुसती सर्व्हरची की देऊन बाजूला बसून उलगडता येत नाही, इनलाइन (ट्रॅफिकच्या वाटेतच) बसावं लागतं किंवा प्रत्येक सेशनची की मिळवावी लागते, आणि सीबीएसच्या वाटेत इनलाइन डबा टाकायची हिंमत असेल तर तुमची मर्जी.

व्हीएम ते व्हीएमसाठी डिस्ट्रिब्युटेड स्विचवरून (व्हीएम जोडणारा सॉफ्टवेअर स्विच) आयपीफिक्स चालू करा, तो सरळ जुना_टॅक यांच्या सॅम्प्लिकेटरला.

हिशोबनीस

फुकट टूलबद्दल एक विरुद्ध मत नोंदवतो. सॅम्प्लिकेटर झकास आहे, पण तो बसवणारा माणूस नोकरी सोडून गेला की त्या व्हीएमला हात लावायला कोणी तयार नसतं. ऑडिटर सपोर्ट काँट्रॅक्ट मागतो, त्याला गिटहबची लिंक दाखवून चालत नाही. विकतच्यात हेल्थ अलर्ट, कोण एक्स्पोर्टर (फ्लो पाठवणारं डिव्हाइस) गप्प झाला याची यादी, एचए (एक बंद पडला तर दुसरा चालू) हे सगळं तयार मिळतं. ताई एकट्याच आहेत हे विसरू नका. फक्त लायसन्स कशावर आहे ते नीट वाचा, दिवसाला किती जीबी आत येतो यावर असेल तर फायरवॉलचा सिसलॉग त्यात ढकलायच्या आधी मोजा. सिसलॉग फ्लोपेक्षा फार खादाड असतो, तो आरसिसलॉगवरून (सिसलॉग घेऊन पुढे पाठवणारं फुकट टूल) वेगळाच वाटलेला बरा.

जुना_टॅक

हे बरोबर आहे, माझ्याकडे टीम आहे म्हणून मी बोलतोय. एकटं असाल तर विकतचं घ्या, पण छोटं.

शाखा_ते_डीसी

ठीक, मग साहेबांना असं सांगते : या वर्षी टेलिमेट्री ब्रोकर छोट्या लायसन्सवर, फक्त फ्लोसाठी, सिसलॉगला आरसिसलॉग, आणि डीसीत कोर लिंकवर दोन टॅप. पॅकेट ब्रोकरचं कोटेशन पुढच्या बजेटला. पीओसी (घेण्याआधीची चाचणी) मागितली तर पार्टी तयार आहे, पण पीओसीत नेमकं काय तपासू? त्यांचा डॅशबोर्ड तर हिरवाच दिसणार.

पॅकेटमार

सिक्वेन्स नंबर बघा. प्रत्येक एक्स्पोर्ट पॅकेटच्या हेडरमध्ये असतो. व्ही५ मध्ये तो फ्लोंची संख्या मोजतो, व्ही९ मध्ये पॅकेटची, आयपीफिक्समध्ये डेटा रेकॉर्डची, त्यामुळे आकड्यांचा अर्थ व्हर्जनप्रमाणे लावा. ब्रोकरच्या आधी आणि कलेक्टरवर दोन्हीकडे टीसीपीडम्प (पॅकेट पकडून दाखवणारं टूल) लावून गॅप जुळवा. ब्रोकरच्या आधीच गॅप असेल तर एमपीएलएसवर (शाखांना जोडणारी लिंक) किंवा राउटरवर पडतंय, नंतर असेल तर डबा दोषी.

मग दिवसा कधीतरी ब्रोकर रीबूट करा आणि प्रत्येक कलेक्टर किती वेळाने भानावर येतो ते लिहून ठेवा. त्या वेळात एखादा नवा राउटर जोडला असेल किंवा कलेक्टरही रीस्टार्ट झाला असेल तर पुढचं टेम्प्लेट येईपर्यंत त्याला काही वाचता येत नाही, काही डिव्हाइसवर ते डिफॉल्ट अर्ध्या तासाने येतं. शाखांच्या राउटरवर टेम्प्लेटचा टाइमआउट आत्ताच मिनिटावर आणून ठेवा.