ढगात हरवलेला घाट : तुमचे पावसाळी अनुभव लिहा

आज सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर जिन्याच्या जाळीतून ढग आत आलेला. चौदाव्या मजल्यावर असं वर्षातून एखाद्या दिवशीच होतं. कठड्यावर हात ठेवला, बारीक थेंब लागले आणि एकदम आंबोली आठवली.

मी सातवीत होते. बाबांना जुलैत चार दिवस रजा मिळाली. सगळे म्हणाले, ऐन जुलैत आंबोलीला कोण जातं, वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो तिथे. बाबा म्हणाले, म्हणूनच जायचं. सावंतवाडीहून लाल डबा घाट चढायला लागला आणि काचेबाहेरचं सगळं पुसलं गेलं. महादेवगडावर तीन दिवस रोज गेलो. समोर नुसता पिंजलेला कापूस, दरी नाहीच. कपडे वाळेनात, उशासुद्धा दमट. चौथ्या दिवशी दुपारी ढग फाटला. दोन-तीन श्वासांपुरतं खाली हिरवंगार कोकण, त्यात एक रस्ता आणि रस्त्यावर काड्यापेटीएवढी एसटी. लगेच मिटलं. आई नेमकी चहाला गेली होती. बाबा अजून मला विचारतात, "तुला दिसली होती ना गं ती एसटी?"

शहरातून पळून तुम्ही कुठल्या ढगात गेलात, लिहा ना.

रानहळद : नाणेघाट!! सासूबाई सत्तरीच्या, गुडघे दुखतात, पण जुन्नरकडून गाडी वरपर्यंत जाते म्हणून नेलं. तिथला उलटा धबधबा माहीत असेलच. पश्चिमेचा वारा कड्यावर आपटतो, पुढे वाट नाही म्हणून तो कडाच चढतो आणि पडणारं पाणी उचलून वर आणतो. छत्री पहिल्या मिनिटात गेली. सासूबाईंच्या तोंडावर खालून पाऊस! पदर धरून इतक्या हसत होत्या, मी लग्नानंतर पंधरा वर्षांत त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. जकातीचा म्हणतात त्या दगडी रांजणापाशी जाऊन त्यांनी आधी आत डोकावून पाहिलं.

भुरभुर : चहा तरी चांगला होता का काकूंचा? एसटी हुकली म्हणजे तेवढा हवाच.

धागाकर्ती : आल्याचा होता म्हणे. तिला अजून दुःख आहे.

घाटमाथा : माथेरान, ऑगस्ट. सहा महिने रात्रपाळी करून डोकं पार भणभणलं होतं. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी छोटी गाडी बंद असते, अमन लॉजपासूनची शटल तेवढी चालते. मी तीही सोडली, दस्तुरीवरून चालतच निघालो. मोटारी नाहीत त्यामुळे आवाजच नाही. पाऊस थांबला होता तरी झाडांखाली पाऊस सुरू, कारण धुकं पानांवर साचून ठिबकत होतं. मोकळ्यावर आलं की कोरडं, झाडाखाली शिरलं की ओलं. घोडा आधी ऐकू यायचा, मग लाल चिखलात टाप, मग त्याचा वास, आणि अगदी हाताच्या अंतरावर आल्यावर तोंड दिसायचं. दोन दिवस खोलीच्या ओट्यावर बसून होतो. एकही पॉइंट पाहिला नाही. झोप मात्र लागली, किती दिवसांनी!

रानहळद : घाटमाथा दादा, काळजी घ्या हो. रात्रपाळी फार वाईट. आता सुटली का?

घाटमाथा : हो ताई, मार्चपासून दिवसाची मिळाली.

पागोळी : आंबोलीत जळवा नाही लागल्या? आम्ही मिठाची पुरचुंडी खिशात ठेवायचो. ओढून काढायची नाही, मीठ लावलं की आपोआप गळते. रक्त बराच वेळ वाहतं, घाबरायचं नाही. आणि हिरण्यकेशीच्या कुंडात पाय सोडून बसला असाल तर ऐका, तिथला मासा २०२० मध्ये नवी जात म्हणून नोंदला गेला, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली.

धागाकर्ती : अगं बाई! बसलेच होते की. काहीतरी बोटांना लागलं म्हणून किंचाळलेही होते.

चिंबओली : मी वेगळं लिहितेय, राग मानू नका. धबधब्याच्या ओढ्यात आम्ही सहा जण दगडांवर बसलो होतो. आमच्यावर पाऊससुद्धा नव्हता. वरून इरलं घेतलेला एक गुराखी ओरडायला लागला, आम्हाला वाटलं रागावतोय. माझ्या वहिनीने पाणी पाहिलं, गढूळ झालेलं, काटक्या आणि पाला वाहत येत होता. उठलो. मी चप्पल शोधत होते, भावाने दंडाला धरून खेचलं. काठावर येऊन मागे पाहिलं तर आम्ही बसलेले दगडच नाहीत. २०२४ च्या जूनअखेर भुशी धरणामागे ते कुटुंब वाहून गेलं, तो व्हिडिओ मला शेवटपर्यंत पाहता आला नाही. डोंगरात वर कुठे पडतंय ते आपल्याला खाली कळत नाही. पाण्याचा रंग बदलला की आधी उठा, चपला राहू द्या.

भुरभुर : काटा आला अंगावर. त्या गुराख्याचं भलं होवो.

पागोळी : +१. पोरांना वाचून दाखवलं आत्ता.

ओलेबूट : रविवारी ताम्हिणीहून आलोय. धुक्यात दहाच्या वेगाने गाडी, मागून येणाऱ्याला दिसावं म्हणून दिवे लावून. छान होतं. पण बूट अजून ओले आहेत, वास मारतायत. काय करू?

रानहळद : आतले तळवे काढून वेगळे ठेवा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दर तीन-चार तासांनी बदला.

ओलेबूट : वर्तमानपत्र येतच नाही आता आमच्याकडे.

रानहळद : शेजारी मागा की! थांबा, कुकर लावून येते, मग भंडारदऱ्याचं लिहिते.

रानहळद : आले. पावसाळा म्हणता येणार नाही, जूनचा पहिला आठवडा, एखादीच सर पडलेली. काजवे बघायला गेलो होतो. जोराचा पाऊस लागला की ते संपतात. धाकटा मोबाईलचा दिवा लावून उड्या मारत होता. वाटाड्या मामा हळूच म्हणाले, "बाळा, उजेडात ते लाजतात." त्याने दिवा मालवला. मिनिटभर डोळ्यांपुढे काळोख, आणि मग एक अख्खं झाड एका तालात लुकलुकायला लागलं, मुळापासून शेंड्यापर्यंत. पोरगं माझ्या ओढणीचं टोक धरून उभं, श्वाससुद्धा जपून घेत होतं.