‘कमल’ला खातं मिळतं, ‘कमला’ला नाही: देवनागरी युजरनेम द्यावं का?

वाकडी_मात्रा (धागाकर्ती)
जॅंगोवर (पायथन भाषेतली, साइट बनवायची तयार चौकट) बनवलेली, युजरनेमचे मूळ नियम तसेच ठेवलेली एखादी साइट घ्या. ‘कमल’ नावाने नोंदणी करा, होते. ‘कमला’ने करा, नाव अवैध म्हणून परत येतं. जॅंगोने २०१६ मध्ये, १.१० आवृत्तीपासून, युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक) युजरनेम चालू केलं खरं, पण तपासायचं काम पायथनच्या रेगेक्सकडे, म्हणजे मजकूर ठरल्या साच्यात बसतो का ते बघणाऱ्या नियमाकडे. त्याच्या लेखी काना, वेलांटी, उकार, अनुस्वार ही अक्षरंच नव्हेत. म्हणून नयन, गजर, कमळ पास. मीरा, विठोबा, ज्ञानेश्वर नापास! वर जाहिरात अशी की आम्ही सगळ्या लिप्या चालवतो.
माझं मत सरळ आहे. युजरनेम आपापल्या लिपीत मिळायलाच हवं, आणि द्यायचंच तर काना-मात्रेसकट द्या. विकिपीडियावर कितीतरी मराठी सदस्य देवनागरी नावाने वावरतात. २०१५ पासून तर एकच खातं सगळ्या भाषांच्या विकिपीडियांवर चालतं. कुणाचं काय बिघडलं?

रात्रपाळी
बिघडलं नाही, कारण तिथे सारखी दिसणारी नावं अडवायला अँटीस्पूफ नावाचं वेगळं एक्स्टेंशन बसवलंय. तालुक्याच्या पतसंस्थेच्या साइटवर ते कोण बसवणार? एकटा मुलगा असतो, तोच प्रिंटरही दुरुस्त करतो.
स्पॉटिफायचं २०१३ मधलं प्रकरण वाचा. ‘बिगबर्ड’ हे कुणाचं तरी साधं रोमन नाव. दुसऱ्याने तेच नाव वर चढवलेल्या बारक्या कॅपिटल अक्षरांत नोंदवलं. नावं एका साच्यात आणणारं फंक्शन पहिल्यांदा चालवलं की मोठी अक्षरं यायची, त्यावरच पुन्हा चालवलं की छोटी. पठ्ठ्याने स्वतःच्या खात्यासाठी पासवर्ड बदलायची लिंक मागवली आणि बदलला गेला मूळ मालकाचा. म्हणून माझ्याकडे रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर. बस्स.

वाकडी_मात्रा
त्या बारक्या कॅपिटल अक्षरांत कुणाच्या बारशाला नाव ठेवल्याचं ऐकलंय? असली अक्षरं आरएफसी ८२६५ या इंटरनेटच्या २०१७ मधल्या मानकाप्रमाणे युजरनेममध्ये बसतच नाहीत. स्पॉटिफायकडे गोची लायब्ररीची, म्हणजे आयत्या घेतलेल्या कोडची होती. ती युनिकोड ३.२ धरून लिहिलेली, खालचं पायथन युनिकोडच्या पुढच्या आवृत्तीवर सरकलेलं. त्याची शिक्षा मीराला का?

टंकमजूर
दोघंही भलतीकडेच भांडताय. मराठीची खरी ठेच ‘कऱ्हाडकर’मध्ये आहे. मी दिवसभर लोकांचे अर्ज टाइप करून देतो, म्हणून माहीत. यातला अर्धा र दोन तऱ्हांनी येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि मागे झेडडब्ल्यूजे, म्हणजे न दिसणारा जोडक. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब. एनएफसी लावा, एनएफकेसी लावा (वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवलेलं तेच अक्षर एक करायच्या युनिकोडच्या रीती), डेटाबेससाठी माणसं दोनच. जोडक उडवून टाकलात तर रफार चढतो आणि कऱ्हाडकरांचे कर्हाडकर होतात, ते वेगळंच.
ॲ चंही तेच. तो युनिकोडमध्ये आला २००८ साली. त्याआधीचे लोक अ वर चंद्र ठेवायचे, काही अजून ठेवतात. घरच्या मोबाइलवर खातं उघडायचं, दुकानातल्या कीबोर्डवरून लॉगिन करायचं, आणि ‘असे खाते अस्तित्वात नाही’. गिऱ्हाईक माझ्यावर खेकसतं.

वाकडी_मात्रा
हा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण उपायही तुम्हीच सांगितलात. नाव साठवताना आणि शोधताना र-हलन्त-जोडक दिसला की ऱ-हलन्त करायचा, अ-चंद्र दिसला की ॲ. चार ओळींचा कोड. तो लिहिला जात नाही, कारण लिहिणाऱ्यांच्या टेबलावर कऱ्हाडकर नसतात.

सासवड_ते_सिएटल
मधला मार्ग आहे ना. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) हँडल रोमन, जास्तीत जास्त पंधरा अक्षरांचं, आणि दिसायचं नाव हवं त्या लिपीत. ऑफिसच्या लॅपटॉपवर मला मराठी कीबोर्ड टाकायची परवानगी नाही, मी लॉगिन कसं करू?

खडू_फळा
तुम्हाला रोमन ठेवायला कोण अडवतंय? मी शाळेत पालकांना पोर्टलवर खाती उघडून देते. ज्ञानेश्वर रोमनमध्ये ‘डी’पासून लिहिला होता, ‘जे’पासून की ‘जी’पासून, हे पुढच्या वेळी ज्ञानेश्वरच्या बापाला आठवत नाही, मलाही नाही. मग तिन्ही करून बघायचे, तोवर खातं लॉक! देवनागरीत तो एकाच तऱ्हेने लिहितो. आणि दिसायचं नाव कुणीही कुणाचंही लावू शकतो, ते एकमेव नसतं. तोतयेगिरीची एवढी धास्ती असेल तर तुमचा मधला मार्ग जास्त धोक्याचा.

रात्रपाळी
आणि फोनवर मदत मागितली की ‘ताई, पहिली वेलांटी की दुसरी’ विचारत बसू?

खडू_फळा
आत्ता ‘डबल ई की आय’ विचारताच की!

रात्रपाळी
बरं. एका नावात एकच लिपी, न दिसणारी अक्षरं टंकमजूर म्हणतात तेवढ्याच जागी, आणि साठवण्याआधी साफसफाई. एवढं पक्कं असेल तर माझा विरोध निम्मा. पतसंस्थेला मात्र अजूनही नकोच सांगेन, तिथे खातेक्रमांक आहे, नाव हवंच कशाला?

टंकमजूर
आकड्यांचं काय करताय? ‘संजय’पुढे देवनागरी ७ आणि ‘संजय’पुढे इंग्रजी सात. एनएफकेसी यांनाही एक करत नाही. हा एकच संजय धरायचा की दोन? माझ्याकडे दोघं आलेत, चुलतभाऊ आहेत.