'लाईन' तुमच्याकडे कशाकशाला म्हणतात?

धागाकर्ता, जळगाव
काल बँकेत एक काका फोनवर सांगत होते, "लाईन नाही, म्हणून लाईन हलत नाहीये. आणि तुझी लाईनपण कट होतेय, नंतर बोल." वीज, रांग आणि फोन. पलीकडच्याला एकही लाईन अडली नसावी, कारण काकांनी लगेच फोन खिशात टाकला. शब्दकोशातले अर्थ नकोत, आपापले किस्से टाका.

भुसावळ, निवृत्त रेल्वे गार्ड
आमच्या गावात लाईन म्हणजे आधी रूळ, बाकी सगळं नंतर. मुंबईकडे जाते ती अप, उलटी ती डाऊन. 'लाईन क्लिअर' म्हणजे पुढच्या स्टेशनाची परवानगी, की मधला टप्पा मोकळा आहे, सोडा गाडी. घरात पोरांनी त्याचा अर्थ वेगळाच लावलेला: "आबा झोपले, लाईन क्लिअर!" की निघाले पिक्चरला.

आणि लाईन बॉक्स कोणाला आठवतो का? प्रत्येक गार्डची स्वतःची लोखंडी पेटी, वर पांढऱ्या रंगात नाव. आत लाल-हिरवे झेंडे, हातबत्ती, धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके, नियमांचं पुस्तक. एकट्याने उचलायची सोय नाही, चढवायला वेगळा माणूस असायचा. पुढे ट्रॉली बॅगा आल्या. 2022 पासून तर गार्ड हे नावच गेलं, आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. म्हणोत बापडे.

चोपडा, केळी बागायतदार
"लाईन उनी का?", म्हणजे वीज आली का, आमच्याकडे रामरामच्या आधी हे विचारतात. रात्रपाळीची थ्री फेज असली की बॅटरी घेऊन मोटरीवर जायचं. बरं, ठिबकची नळी तीही लाईन, केळीची ओळ तीही लाईन. सालदाराला म्हटलं, "तिसरी लाईन बंद दिसते, बघ जरा." तो गेला डीपीवर, फ्यूज बघायला! मला म्हणायची होती 16 एमएमची नळी. क्षारांनी ड्रिपर बुजले होते, चार खोडांखालची माती कोरडी ठणठणीत. भो, आता मी सरळ 'नळी' म्हणतो.

धुळे, शिक्षिका
मुळात हा शब्द लॅटिन 'लिनिया'पासून, म्हणजे जवसाच्या तंतूची दोरी. 'लिनम' म्हणजे जवस, लिनन कापड त्याच घराण्यातलं. रांगेला लाईन म्हणणं अमेरिकेचं, इंग्लंडात ती 'क्यू'. आमच्या शाळेत मात्र "लाईनीत या" म्हणजे रांगही आणि दमही.

नंदुरबार
आम्ही पोलीस लाईनीतली पोरं. "लाईनीत राहतो" म्हटलं की बाहेरगावचे विचारायचे, कुठल्या लाईनीत? आणि लाईन मारायची तर चोरीच! गल्लीतल्या प्रत्येक घरात एक हवालदार.

पाचोरा
मावशीने स्थळ आणलं, "मुलगा मेडिकल लाईनला आहे." आई खूश, तिने डॉक्टरच धरला. पाहुणे आले तेव्हा कळलं, मुलगा टेम्पोने मेडिकल दुकानांना औषधांच्या पेट्या पोचवतो. मावशी शेवटपर्यंत हेका सोडेना: "मग, लाईन तीच ना?"

धागाकर्ता
पाचोरेकर ताई, पुढे जमलं का?

पाचोरा
जमलं की! टेम्पो स्वतःचा होता.