शब्दचर्चा: ‘पोनी एक्सप्रेस’ मराठीत कशी सांगायची?

सॅक्रामेंटोहून

इथल्या रविवारच्या मराठी शाळेत मी सहा-सात वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवते. यंदा विषय मुलांनीच ठरवला: पोनी एक्सप्रेस, म्हणजे १८६०च्या सुमारास अमेरिकेत घोडेस्वारांनी चालवलेली टपालसेवा. जुन्या सॅक्रामेंटोत त्या घोडेस्वाराचा पुतळा आहे, तो सगळ्यांनी पाहिलेला. ग्रंथालयात या विषयावरची चित्रपुस्तकंही खोऱ्यानं मिळतात. इंग्रजी पान समोर धरायचं आणि मराठीत सांगत जायचं, ही माझी पद्धत. पण पहिल्याच पानावर अडले. ‘घोडेस्वार टपालवाला’ म्हटलं, तर एकानं विचारलं, “तो घोड्यावरून घरोघरी पत्रं टाकायचा का?”

पोनी, फ्रंटियर, स्टेशन आणि ती खोगिरावर टाकायची चामड्याची ‘मोचिला’, एवढ्या शब्दांसाठी मदत हवी आहे. लिप्यंतर करून मोकळं व्हा, असं कृपया सांगू नका. ते मला येतं.

साताऱ्याहून

ताई, मुलगा बरोबर आहे. टपालवाला म्हटलं की दारात येणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, बटवडा करणारा. इथे बटवड्याचा संबंधच नाही. मिसूरीतल्या सेंट जोसेफपासून तुमच्या सॅक्रामेंटोपर्यंत तीन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर, आणि पत्र पोचायचं दहा दिवसांत. हे एका घोड्याचं किंवा एका माणसाचं काम नव्हे. दर पंधरा-वीस किलोमीटरला ताजा घोडा, आणि सव्वाशे-दीडशे किलोमीटरनंतर ताजा स्वार. पत्रं तेवढी न थांबता पुढे.

या व्यवस्थेला आपल्याकडे शब्द आहे, डाक. आज तो पोस्टाचा समानार्थी झालाय, पण मुळात डाक म्हणजे टप्प्याटप्प्यावर माणसं किंवा जनावरं बसवून केलेली साखळी. ‘डाक बसवली’ असं म्हणत. टपाल हातात येतं, डाक बसवावी लागते. म्हणून ‘घोड्यांची डाक’ म्हणा, निम्मी गोष्ट त्या दोन शब्दांतच सांगून होईल.

जासूद, काशीद आणि हरकारा हे तिन्ही मोह टाळा. पेशवाईतले जासूद बहुधा जोडीनं जात, पत्रांत ‘जासूदजोडी’ असंच येतं. शिवाय आज जासूद म्हटलं की मुलांना हेर वाटेल. सांडणीस्वार तर उंटावरचा.

नागपूरहून

काका, ‘डाक’ सुचवल्याबद्दल तुमचे आभार. आम्ही विदर्भातले लोक डाक म्हटलं की पुण्याकडून ‘हिंदी बोलू नका’ ऐकतो. पोस्टाच्या पाटीवर ‘भारतीय डाक’ दिसतं म्हणून शब्द सरकारी हिंदी वाटत असेल. पण डाकबंगला कुणाला परका वाटत नाही!

चौदाव्या शतकात मोरोक्कोहून आलेल्या इब्न बतूता या प्रवाशानं दिल्लीच्या सुलतानाच्या टपालाचं वर्णन केलंय. त्यात दर चार मैलांवर घोडे बदलणारी एक डाक आहे, आणि दुसरी पायी धावणाऱ्यांची, एका मैलात तीन ठाणी. धावणाऱ्याच्या हातात घुंगरांची काठी, म्हणजे पुढचा माणूस आवाज ऐकून तयार. तेव्हा सॅक्रामेंटोच्या मुलांना हेही सांगा की ही युक्ती अमेरिकेनं शोधलेली नव्हे.

स्टेशनसाठी ठाणं किंवा चौकी म्हणाल तर दोन्हीकडे पोलीस बसलेत. मी ‘टप्पा’ म्हणेन. एसटीच्या तिकिटात टप्पा अजून जिवंत आहे, सहा किलोमीटरचा एक. टपाल हा शब्द टप्प्यावरूनच आला असं सांगायचा मला फार मोह होतो, पण व्युत्पत्तीचा वाद मिटलेला नाही. टपाल तमिळमध्येही आहे, कन्नडमध्येही, गुजरातीतही. कुणी कुणाकडून घेतलं यावर पैज लावणार नाही.

एक बारकावा: काही ठिकाणी फक्त घोडा बदलायचा, काही ठिकाणी स्वार झोपायचा. पहिला ‘टप्पा’, दुसरा ‘मुक्काम’. मुलांना फरक लगेच कळेल.

कोल्हापूरहून

घोड्यांबद्दल मी बोलतो, घरी होते. पोनी म्हणजे शिंगरू नव्हे, हे आधी. मराठी बालपुस्तकात पोनीला सर्रास ‘घोड्याचं पिल्लू’ केलेलं मी पाहिलंय. शिंगरू म्हणजे घोडीचं पोर. पोनी पूर्ण वाढलेली, फक्त चणीनं लहान. तिला तट्टू म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल तट्टू म्हणजे हिणवणं झालं, ‘भाडोत्री तट्टू’. ती पुढाऱ्यांची करणी. भीमथडीचं तट्टू ही एके काळी अभिमानाची गोष्ट होती. काटक, कमी खाणारं, घाट चढणारं. थोराड घोडा खोळंबला असता तिथून ते निघून जाई. अर्थात पोनी एक्सप्रेसच्या घोड्यांत सगळीच तट्टं नव्हती, चांगले उंच घोडेही होते. नावातली ‘पोनी’ जाहिरातीपुरती धरा. नावात ‘तट्टू’ ठेवून आत बिनधास्त ‘घोडा’ म्हणा.

मोचिला. ही पिशवी खांद्याला लटकवत नसत. सगळ्या चित्रपुस्तकांत ती नीट काढलेली असेल असं नाही, चित्र तपासून घ्या. चामड्याचं एक सलग पांघरूण खोगिरावर टाकायचं, चार कोपऱ्यांना चार कप्पे, आणि स्वार त्यावरच बसायचा. त्यातले तीन कप्पे कुलूपबंद. टप्प्यावर आलं की खोगीर सोडायचं नाही, नुसतं ते पांघरूण ओढून दुसऱ्या घोड्यावर फेकायचं. दोन मिनिटांचं काम. यासाठी मराठीत दोन शब्द आहेत, खुर्जी आणि पडशी. खुर्जी जास्त अचूक, कारण ती जनावरावर टाकायचीच पिशवी. पडशी माणसाच्या खांद्यावरही असते. पण बोलायला पडशी गोड. झूल म्हणू नका, झूल नटवण्यासाठी असते.

साताऱ्याहून

पडशीला माझं मत. आणि गंमत बघा, स्पॅनिशमध्ये आज मोचिला म्हणजे शाळेचं दप्तर. आपलं ‘दप्तर’ही असंच फिरून आलेलं, फारसीत वही-नोंदणी, पेशव्यांकडे कागदांचे रुमाल, आणि आता पोरांच्या पाठीवर.

सॅक्रामेंटोहून

भरभरून मिळालं. फ्रंटियरचं मात्र कुणी बोललं नाही, तेव्हा मीच सांगते काय ठरवलं. सरहद्द चालणार नाही. ‘सरहद्द गांधी’ म्हणताना ती खरी सरहद्द होती, राज्याची कड. अमेरिकेतल्या फ्रंटियरला, म्हणजे गोऱ्यांच्या वस्तीच्या पुढच्या मुलखाला, पलीकडे दुसरं राज्य नाही, असं पुस्तकं गृहीत धरतात. मग ‘ओसाड मुलूख’, ‘निर्जन माळ’ असे शब्द जिभेवर येतात, आणि तेच खोटे आहेत. १८६०च्या मे महिन्यात आजच्या नेवाडा राज्यात तिथल्या मूळच्या पायूट लोकांशी लढाई पेटली, डाकेचे टप्पे जळाले, काही आठवडे डाक बंद पडली. ओसाड मुलखात लढाई कोण करतं? म्हणून मी ‘पायूट आणि शोशोनी लोकांचा मुलूख’ असं थेट नाव घेणार.

‘शूर’, ‘धाडसी’, ‘निर्भय’ यांची खोगीरभरतीही काढून टाकली, एका पानावर तीनदा शूर होतं. आणि ‘अनाथांना प्राधान्य’ ही सुप्रसिद्ध जाहिरात वगळली. त्या काळच्या वर्तमानपत्रांत ती सापडलेली नाही, आणि आईवडिलांवाचूनच्या पोराची गंमत सहा वर्षांच्या मुलांपुढे मला करवत नाही.

शेवटच्या पानावर तार येते. ३ एप्रिल १८६० ला सुरू झालेली डाक १८६१च्या ऑक्टोबरात तारायंत्र जोडलं गेल्यावर थांबली, जेमतेम दीड वर्ष. सुरुवातीला अर्ध्या औंसाला पाच डॉलर पडत, परवडणारे थोडेच. ‘तार’ म्हटल्यावर मुलं कपडे वाळत घालायची दोरी समजली, तो वेगळा धागा काढावा लागेल.

काल वाचलं ते असं: “तट्टूडाक निघाली. टप्पा आला, घोडा बदलला. मुक्काम आला, स्वार बदलला. पडशी मात्र तीच.” त्यावर मागच्या रांगेतून प्रश्न आला, “मग पडशीला कुणी झोपू देत नाही?”

आज सकाळी एका आईचा निरोप आलाय. मुलगा दप्तर पाठीला लावायला तयार नाही. खुर्चीवर पसरून त्यावर बसतो, आणि नाश्ता झाला की ओढून गाडीच्या सीटवर फेकतो.