चर्चा : कॉलेज सुटल्या सुटल्या पोरांनी कंत्राटी आयटीत उतरावं का?

गिरणाथडी (चाळीसगाव)
इकडच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या पोरापोरींसमोर बोलायला बोलावलंय. विषय : नोकरी न करता आयटीची कामं स्वतंत्रपणे कशी घ्यायची. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ठोकायला बरं. हिंजवडीत चौघांत एक फ्लॅट घेऊन मेसचं जेवण गिळण्यापेक्षा पोरांनी पहिल्यापासून कंत्राटी कामं घ्यावीत. जळगावात डाळमिली आहेत, पाइपचे आणि चटईचे कारखाने आहेत, सराफ बाजार आहे. रावेर-यावलला केळीचे व्यापारी आहेत. यातल्या कितीतरी ठिकाणी निम्मा हिशेब वहीत आणि निम्मा मुनीमजींच्या डोक्यात. काम इथंच पडलंय. बोला.

जंक्शनवाला (भुसावळ)
माले हाई पटत नही भाऊ. कॉलेजातून निघालेल्या पोराचा कोड तोवर कोणी वाचलेलाच नसतो. प्रोजेक्ट कुठून आणलेला असतो ते तुम्हालाही ठाऊक आणि एक्स्टर्नललाही. दोन-तीन वर्षं नोकरी केली की कोणीतरी सीनियर त्या कोडच्या चिंध्या करतो, रात्री सर्व्हर झोपला तर काय करायचं ते शेजारी बसून दाखवतो, आणि वर महिन्याच्या महिन्याला पगार पडतो. कंत्राटदाराला शिकायचे पैसे कोणी देत नाही. उद्या एखाद्या सराफाचा उधारीचा डेटा उडाला आणि बॅकअपच निघाला नाही, तर शेठ कोणाच्या दारात येणार? तुमच्या?

गिरणाथडी
नोकरीत प्रत्येकाला सीनियर मिळतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? सहा-सहा महिने बेंचवर (पगार चालू, प्रोजेक्ट नाही) बसून नुसती सर्टिफिकेटं गोळा करणारी पोरं आपल्याच गल्लीत आहेत.

खापरावरचे मांडे (धुळे)
दोघेही कोडवरच अडून बसलात. मी हीच कामं करून घर चालवते, म्हणून सांगते : पोरं कोडमध्ये बुडत नाहीत, भावात बुडतात.

पोरगं हिशेब असा करतं. मित्राला पगार ४०,०००, महिन्यात कामाचे दिवस २२, म्हणजे दिवसाला साधारण १,८००. मी २,००० सांगतो, मजा आहे! आता खरा हिशेब बघा. वर्षाचे ३६५ दिवस. शनिवार-रविवारचे १०४ गेले, राहिले २६१. सणवार, आजारपण, घरातली लग्नं यांत २५ धरा, राहिले २३६. हे सगळे दिवस बिलात येत नाहीत. गिऱ्हाईक शोधणं, कोटेशन, डेमो, बिलामागे फोन, नवीन शिकणं यात तिसरा हिस्सा सहज जातो, पहिल्या वर्षी त्याहून जास्त. १५० दिवसांचं बिल झालं तरी देव पावला. वर्षाला ४,८०,००० हवेत तर दिवसाला ३,२०० पडतात. शिवाय मित्राच्या पीएफमध्ये कंपनी पैसे टाकते, लॅपटॉप देते, दवाखान्याचा विमा काढते. ते सगळं आपल्या खिशातून. म्हणजे ४,००० च्या खाली बोलूच नये. तुमच्या व्याख्यानात फळ्यावर एवढं एकच गणित मांडलंत तरी पुष्कळ.

दुसरं, काम ठरवणं. मिलवाले म्हणतात, फक्त स्टॉक रजिस्टर पाहिजे. तुम्ही आवक-जावक करून देता. मग कळतं की पोत्याच्या वजनातून बारदान (रिकामं पोतं) वजा होतं. मग ओलाव्याची घट, ती मालागणिक वेगळी. मग हमाली, तोलाई, दलाली, आणि दलालीचे दर दलालागणिक वेगळे. शेवटी शेठ म्हणतात, वजनकाट्याचा आकडा आपोआप यायला पाहिजे, बटण दाबलं की झालं. प्रत्येक वेळी "एवढं छोटंसं तर आहे". काम घेण्याआधी दोन दिवस मुनीमजींशेजारी बसून वही बघायची, जे जे दिसेल ते कागदावर उतरवायचं, सही घ्यायची. सहीनंतर जे निघेल त्याचं वेगळं बिल. आणि त्या दोन दिवसांचेही पैसे घ्यायचे, हे पोरींना तर ठासून सांगा. आम्हाला "ताई, तुम्ही घरच्याच" म्हणून फुकटात बसवतात.

बारदान (जळगाव एमआयडीसी)
मी डाळमिलवाला, नाव त्यावरूनच घेतलंय. ताईंनी आमची बरोबर नस पकडली. पण आमचीही ऐका. मागे एका पोराला काम दिलं. अर्धं झालं, चांगलं झालं. मग त्याला पुण्यात नोकरी लागली. फोन उचलेना. पासवर्ड त्याच्याकडे, सर्व्हर त्याच्या नावावर, सीझन तोंडावर. आम्ही परत वहीवर. कंपनीकडून सॉफ्टवेअर घेतलं तर महाग पडतं, पण निदान दुसरा माणूस तरी येतो. आणि एक विचारतो : पैसे आम्ही दिले तर कोड आमचाच ना?

जंक्शनवाला
शेठ, आपोआप तुमचा होत नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं ते मालकाचं. बाहेरच्या माणसाने लिहिलेला प्रोग्राम, तसा करार नसेल तर, लिहिणाऱ्याचाच. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. "पूर्ण रक्कम मिळाल्यावर कोडचे सर्व हक्क, कायमचे, गिऱ्हाइकाकडे" एवढं वाक्य करारात असलं की दोघंही मोकळे. सर्व्हर आणि डोमेन मात्र पहिल्या दिवसापासून तुमच्याच नावावर घ्या. आता हेच बघा गिरणाथडी, हे बावीस वर्षांच्या पोराला कुठं माहीत असतं?

गिरणाथडी
म्हणून तर व्याख्यान आहे ना, राव!

टीडीएसवाले काका (नंदुरबार)
टॅक्सचं कोणीच बोललं नाही, म्हणून मी येतो. कंपनी व्यावसायिक शुल्क म्हणून १० टक्के टीडीएस (बिलातून आधीच कापलेला आयकर) कापते. पोरांना वाटतं पैसे गेले. गेलेले नसतात, पॅनवर जमा असतात. रिटर्न भरलं की कर वळता होऊन उरलेले परत येतात. जुन्या आयकर कायद्यातल्या कलम ४४एडीएची सोय आयटीवाल्यांना लागू आहे. जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न दाखवायची, खर्चाच्या पावत्या सांभाळत बसायचं नाही. मर्यादा ५० लाख, रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. आगाऊ कर निघत असेल तर तो एका हप्त्यात, १५ मार्चच्या आत. (नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, सोय कायम आहे.) जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की. परदेशी बिलंही त्या २० लाखांत धरतात, हे लक्षात ठेवा. नोंदणीनंतर परदेशी कामावर कर न भरता बिल करायचं तर दरवर्षी एलयूटी (तसं हमीपत्र) भरावं लागतं.

आणि उद्यम नोंदणी (लहान धंद्यांची सरकारी नोंदणी) करा, फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज.

बारदान
काका, तिप्पट व्याजाची नोटीस पाठवणाऱ्या पोराला जळगावात दुसरं काम मिळेल का, तेही सांगा.

टीडीएसवाले काका
नाही मिळणार. म्हणून नोटीस शेवटी, ॲडव्हान्स आधी. पण २०२४ पासून उशिरा दिलेल्या पैशाचा खर्च तुम्हाला आयकराच्या हिशेबात ज्या वर्षी द्याल त्याच वर्षी धरता येतो, हे तुमच्या सीएला विचारा. मार्चएंडला तुमचाच मुनीम पोराला फोन करील.

रिलिव्हिंग लेटर (अमळनेर, सध्या पुणे)
एक गोष्ट सगळ्यांची सुटतेय. पोरांना "कंत्राटी" म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा हे नसतंच. मी एका एजन्सीमार्फत एका कंपनीत बसतो. नऊ तास हजेरी, रजेला परवानगी, लॅपटॉप त्यांचा, काम सांगणारा मॅनेजर त्यांचा. पीएफ नाही, कागदावर मी "सल्लागार". पुढे कायम करू म्हणतात, तारीख विचारली की विषय बदलतात. बंधनं नोकराची, जोखीम धंद्याची. व्याख्यानात एवढा फरक सांगा : वेळ, पद्धत आणि भाव स्वतः ठरवता येत असेल तर तुम्ही स्वतंत्र. नाहीतर ती बिनहक्काची नोकरी आहे, आणि ती घेतलीच तर डोळे उघडे ठेवून घ्या.

जंक्शनवाला
हे मात्र शंभर टक्के पटलं. तरी माझं म्हणणं तेच. आधी नोकरी, सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत, मग कंत्राट. घरकर्जालाही बँक दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते. आणि सोयरिकीच्या बैठकीत "स्वतंत्र सल्लागार" म्हटलं की मुलीचे मामा विचारतात, म्हणजे सध्या घरीच का?

गिरणाथडी
मामांसाठी करिअर करायचं का आता? तडजोड सुचवतो. एकट्या नवशिक्याने सराफाचा नाहीतर मिलचा पूर्ण कारभार अंगावर घेऊ नये. ताईंसारख्या मुरलेल्या माणसाच्या हाताखाली एखादा तुकडा घ्यावा, बिल मात्र स्वतःच्या नावाने करावं. ताई, घ्याल का एखाद्याला?

खापरावरचे मांडे
घेईन. पण फुकट इंटर्न म्हणून नाही, आणि त्याचा कोड मी वाचल्याशिवाय गिऱ्हाइकाकडे जाणार नाही. शेठ, तुमचं अर्धवट राहिलेलं काम अजून तसंच आहे का?

बारदान
आहे तसंच. या सोमवारी, पण ॲडव्हान्स २० टक्के.

खापरावरचे मांडे
४०. आणि घटीचे दर पहिल्याच दिवशी सांगायचे, सगळे.

बारदान
३०. दर मुनीमजी सांगतील, त्यांच्याशी जमवून घ्या.