आळस नव्हे, धास्ती

'काम सोडून बागेत रमणं म्हणजे निव्वळ आळस' हे इथे कुणीतरी मांडलेलं मत मला अजिबात पटलं नाही. आळशी माणूस भर उन्हात कुंड्या हलवत बसेल का?

मी सांगलीत घरून हिशेबाची कामं करते. जीएसटीचं ३बी हे मासिक रिटर्न २० तारखेपर्यंत भरायचं असतं. गेल्या महिन्यात १८ तारखेला सकाळी मी जास्वंदीवरची पिठ्या ढेकूण ही कीड जुन्या टूथब्रशने घासून काढत होते. पेराच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा थर होता, बोटांना चिकट लागत होता. मग कडुनिंबाच्या तेलाची फवारणी केली. मग ओटा घासला, डबे पुसले. दुपारी लक्षात आलं, मला रिटर्नचा कंटाळा नव्हताच. एका गिऱ्हाइकाची बिलं जुळत नव्हती आणि त्यांना फोन करायची धास्ती होती.

सिरोइस आणि पिचिल या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये हेच मांडलंय: टाळाटाळ ही वेळेच्या नियोजनातल्या चुकीपेक्षा नकोशा भावनेपासूनची सुटका असते. झाडाचं काम लगेच डोळ्यांना दिसतं, म्हणून जीव तिकडे ओढतो.

त्यामुळे 'वेळापत्रक करा' हा नेहमीचा सल्ला मला अपुरा वाटतो. आधी नेमकं काय नको वाटतंय ते शोधा. मी आता चहा झाल्या झाल्या तो नकोसा फोन उरकते. झाडांना पाणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. त्या दिवशीचा फोन चार मिनिटांत संपला होता, दोन बिलं दोनदा चढली होती एवढंच.