गतिरोधक मागण्याआधी वेग मोजा
आपल्या रस्त्यावरच्या भरधाव गाड्यांबद्दल रहिवासी संघातर्फे सह्यांचं निवेदन द्यायचं ठरतंय, ते द्याच, पण सोबत वेगाची नोंद जोडा. नुसत्या सह्या फायलीत पडून राहतात. रस्त्यावर खडूने 50 मीटर आखा आणि स्टॉपवॉच लावा: 6 सेकंद म्हणजे ताशी 30 किमी, 4 सेकंद म्हणजे 45. मोजणारे दिसले की चालक ब्रेक दाबतात, म्हणून आडोशाला थांबा. 100 गाड्यांचे वेग चढत्या क्रमाने लावा. वाहतूक अभियंते सरासरीपेक्षा 85वा आकडा बघतात, म्हणजे 100 पैकी 85 गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो. एकच गतिरोधक मागू नका, तो ओलांडला की गाडी पुन्हा सुसाट. आणि जागा सुचवताना पावसाचं पाणी कुठून वाहतं तेही पाहा, नाहीतर उंचवट्याआड तळं साचेल.